चॉकलेटच्या कारखान्याचा वारस

मूल नसलेल्या मालकाने आपली पेढी कोणाच्या स्वाधीन करावी, हा प्रश्न व्यापारी घरांना नवा नाही. दत्तक घेणे, पुतण्याला गादीवर बसविणे, जावयाला भागीदार करून घेणे अशी त्याची उत्तरेही पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहेत. हाच प्रश्न एका परदेशी बालकथेचा कणा आहे. त्या कथेवर 1971 मध्ये जो चित्रपट निघाला, त्यात दिलेले उत्तर आपल्या उत्तरांहून अगदी निराळे आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दादांच्या नातवंडांच्या शेजारी बसून कळले. मुले सुट्टीसाठी पुण्याहून बार्शीला आली होती. जॉनी डेपचा 2005 मधील चित्रपट त्यांनी आधीच पाहिला होता, आणि हा जुना फारच संथ आहे, अशी त्यांची तक्रार चालली होती. मी मात्र हातातली बिले बाजूला ठेवून शेवटपर्यंत बसून राहिलो.

मूळ पुस्तक रोआल्ड डाल यांचे, ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’. ते 1964 मध्ये प्रथम अमेरिकेत प्रसिद्ध झाले. डाल यांचा जन्म वेल्समधला, आईवडील नॉर्वेचे. इंग्लंडातील रेप्टनच्या वसतिशाळेत ते शिकत असताना कॅडबरी कंपनी आपल्या नव्या वड्या चाखून मत कळविण्यासाठी विद्यार्थ्यांकडे पाठवीत असे, ही आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ग्राहकाच्या जिभेची परीक्षा घेणारी कंपनी ज्याने लहानपणी पाहिली, त्याने मोठेपणी वारसाची परीक्षा घेणारा कारखानदार रंगवावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

कथा बहुतेक मुलांना ठाऊक असते. मोठ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विली वोंका हा चॉकलेटचा नामांकित कारखानदार. स्पर्धकांनी हेर घुसवून त्याच्या पाककृती चोरल्या, म्हणून त्याने कारखान्याचे दार जगाला बंद केलेले. एके दिवशी तो जाहीर करतो की पाच वड्यांच्या वेष्टनांत सोनेरी तिकिटे दडविली आहेत. ज्यांना ती सापडतील त्यांना कारखाना आतून पाहता येईल आणि जन्मभर पुरेल इतके चॉकलेट मिळेल. चार तिकिटे चार लाडावलेल्या मुलांना मिळतात, पाचवे चार्ली बकेट नावाच्या अत्यंत गरीब मुलाला. कारखान्यात एकेक मूल आपल्या हावेपायी गळत जाते, चार्ली उरतो आणि कारखाना त्याचा होतो.

चित्रपट कसा निघाला, ही हकीकत कथेइतकीच रंजक आहे. दिग्दर्शक मेल स्टुअर्ट यांच्या लहान मुलीला हे पुस्तक फार आवडले. याचा चित्रपट काढा आणि तो विकायचे काम डेव्हकाकांवर सोपवा, असा हट्ट तिने वडिलांकडे धरला. डेव्हकाका म्हणजे निर्माते डेव्हिड वोल्पर. त्याच सुमारास शिकागोची क्वेकर ओट्स ही कंपनी चॉकलेटच्या वडीच्या धंद्यात उतरण्याच्या विचारात होती. ओट हे धान्य विकणारी कंपनी, म्हणजे एका अर्थी आमच्याच भुसार व्यवसायातली! चित्रपटांचा तिला काडीचाही अनुभव नव्हता. वोल्पर यांनी तिला पटवून दिले की वोंकाचा चित्रपट काढा आणि त्याच नावाची वडी बाजारात आणा. सुमारे 30 लाख डॉलरचा सगळा खर्च क्वेकरने उचलला. पुस्तकाच्या नावात चार्ली होता, चित्रपटाच्या नावात त्याच्या जागी विली वोंका आला. विकायच्या वडीवर वोंकाचे नाव छापायचे होते, हे त्याचे मोठे कारण.

पुढे जे झाले ते कोणत्याही बाजारपेठेत घडावे असेच आहे. वडीचे मिश्रण बिघडले आणि ती दुकानांतून परत घ्यावी लागली. चित्रपटाने पहिल्या फेरीत सुमारे 40 लाख डॉलर मिळविले. तोटा नव्हे, पण नाव घेण्याजोगा नफाही नव्हे. 1977 मध्ये क्वेकरने आपला हक्क वॉर्नर ब्रदर्सला पाच लाख डॉलरला देऊन टाकला. त्यानंतर दूरचित्रवाणीवर तो पुन्हा पुन्हा दाखविला जाऊ लागला, मग व्हिडिओ कॅसेटी आल्या, आणि एक पिढीच्या पिढी त्यावर वाढली. 2014 मध्ये अमेरिकेने तो जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदणीत घेतला. ज्याने माल भरला त्याने पडत्या भावात काढला आणि ज्याने थांबून धरला त्याचे सोने झाले. तुरीच्या बाजारात हे दर चार-पाच वर्षांनी पाहतो. चित्रपटाच्या बाजारातही तेच चालते हे ठाऊक नव्हते.

चित्रपट पाहताना माझे लक्ष मुलांचे नसते तिथे जात होते. आरंभीच मिठाईच्या दुकानाचा प्रसंग आहे. शाळा सुटते, पोरांची झुंबड आत शिरते आणि दुकानदार गाणे म्हणत बरण्यांतला माल मुठीमुठीने वाटू लागतो. पैसे कोण देतो, कोण नाही, याची नोंद काही दिसली नाही. (नातवंडे गाण्यात रंगली होती, मी बरण्या मोजत होतो.) चार्ली मात्र काचेबाहेर उभा. मग तो वर्तमानपत्रे टाकायला जातो, पहिली कमाई हाती येते आणि तो घरी काय नेतो, तर एक पाव. घरात दोन्हीकडचे चारही आजीआजोबा एकाच पलंगावर वीस वर्षे पडून आहेत, आई लोकांचे कपडे धुते, रात्रीच्या जेवणाला कोबीचे पाणी. उरलेले पैसे तो जो आजोबांना तंबाखूसाठी देऊ करतो. पुस्तकात चार्लीचे वडील टूथपेस्टच्या कारखान्यात नळ्यांना टोपणे बसवितात. चित्रपटात वडील हयातच नाहीत. त्यामुळे घरातला कमावता पुरुष म्हणजे हा पोर, आणि त्याचे वजन पडद्यावर चांगलेच जाणवते.

व्यापाऱ्यांची थट्टाही चित्रपटात भरपूर आहे आणि ती लागते. इंग्लंडातील सॉल्ट हे शेंगदाण्यांचे कारखानदार. मुलीला तिकीट हवे, म्हणून ते वड्यांच्या पेट्यांवर पेट्या विकत घेतात आणि कारखान्यातल्या सगळ्या बायकांना दाणे सोलण्याऐवजी वेष्टने सोलायला बसवितात. अमेरिकेतल्या व्हायोलेटचे वडील मोटारविक्रेते. मुलीला तिकीट मिळाले म्हणून वार्ताहर कॅमेरे घेऊन येतात, तर हे गृहस्थ तिला बाजूला सारून स्वतःच्या मोटारींची जाहिरात करू लागतात. नवऱ्याचे अपहरण झालेली एक बाई आहे. खंडणीत वोंकाच्या वड्यांची पेटी मागितली आहे असे कळताच ती विचारते की विचार करायला किती वेळ आहे! एक शास्त्रज्ञ संगणकाला तिकिटांचा पत्ता विचारतो. ती लबाडी होईल, म्हणून संगणक नकार देतो. बक्षिसात हिस्सा देऊ केला तरी तो बधत नाही, कारण जन्मभराचे चॉकलेट घेऊन संगणकाने करायचे काय? 1971 मधला हा विनोद आज वाचकांना अधिक कळेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पटकथेवर नाव डाल यांचेच आहे, पण डेव्हिड सेल्ट्झर या तरुण लेखकाने ती पुष्कळ बदलली आणि त्यामुळे डाल नाराज झाले. चार्लीपेक्षा वोंकाला अधिक महत्त्व मिळाले, हा त्यांचा एक आक्षेप होता. या कथेचा पुढचा भाग त्यांनी आपल्या हयातीत कोणाला पडद्यावर आणू दिला नाही. लेखकाची नाराजी मी समजू शकतो. तरीही वारसाच्या प्रश्नापुरते बोलायचे, तर चित्रपटाने केलेले दोन बदल मला पुस्तकाहून सरस वाटतात.

पहिला बदल लहान आहे. पुस्तकात चार्लीला रस्त्यात बर्फामध्ये पैसे सापडतात. तो एक वडी घेऊन खातो, मग आणखी एक घेतो आणि तिच्यात तिकीट निघते. म्हणजे दोन्ही वड्या स्वतःसाठी. चित्रपटात गटाराच्या कडेला नाणे सापडते, पहिली वडी तो आधाशासारखी खातो, आणि दुसरी घेतो ती जो आजोबांसाठी. तिकीट निघते ते या दुसऱ्या वडीत. कोणी हे बोलून दाखवीत नाही, त्यावर गाणे नाही. लक्ष नसेल तर निसटून जाते.

दुसरा बदल मोठा. पुस्तकात स्लगवर्थ हे वोंकाच्या एका स्पर्धकाचे केवळ नाव आहे. चित्रपटात तो काळ्या कोटातला मनुष्य होऊन येतो. ज्याला ज्याला तिकीट सापडते त्याच्या कानाशी लागून तो सांगतो, की वोंकाने कधीही न संपणारी चघळायची गोळी काढली आहे. तेवढी एक गोळी मला आणून दे, मी तुला मोठी रक्कम देईन. पुढे कारखान्यात वोंका ती गोळी मुलांना एकेक देतो आणि कोणाला दाखवणार नाही असे वचन घेतो. व्हेरुका सॉल्ट वचन देताना पाठीमागे बोटांवर बोट चढविते, म्हणजे मनातल्या मनात वचन मोडते.

कारखान्यात शिरतानाही एक करार आहे. भिंतभर लावलेला कागद, वरची अक्षरे ढळढळीत आणि खाली जावे तसतशी मुंगीएवढी. पालक कुरकुर करतात, मुले सह्या ठोकतात. आत फिरताना चार्ली आणि जो आजोबा सगळ्यांची नजर चुकवून एक पेय पितात. त्याने माणूस हवेत तरंगतो, आणि दोघे छताला लागता लागता वाचतात. वोंकाला ते कळते. शेवटी त्याच्या कार्यालयात आजोबा बक्षिसाचे विचारायला जातात. तिथे घड्याळ, मेज, तिजोरी सगळे अर्धे अर्धे कापलेले आहे. वोंका भिंग घेऊन करारातले बारीक अक्षर वाचून दाखवितो आणि ओरडतो की पेय चोरून प्यायलात, म्हणून काहीही मिळणार नाही. जीन वाइल्डर यांनी हा प्रसंग इतका तीव्र केला आहे की आमची धाकटी नात माझ्या मांडीवर सरकली. या नटाने भूमिका घेतानाच अट घातली होती, असे सांगतात. पहिल्यांदा दिसेन तेव्हा काठी टेकीत लंगडत येईन, काठी दगडी फरशीत रुतेल, मी पडेन आणि कोलांटी घेऊन ताठ उभा राहीन. मग हा खरे बोलतो की खोटे, हे कोणाला कळणार नाही. शेवटच्या त्या संतापात ते खरेच कळत नाही.

जो आजोबा भडकतात. बाहेर पडताना ते नातवाला सांगतात, की स्लगवर्थला गोळी हवी आहे ना, मग मिळेल त्याला. थोरल्या माणसाचा संताप हा आपल्या घरांत हुकूमच समजला जातो. किती वाटण्या अशा एका वाक्यावर झाल्या आणि किती चुलतभावांचे बोलणे त्यापायी तुटले, हे प्रत्येक गावातला प्रत्येक वाचक जाणतो. इथे पोर क्षणभर थांबते, परत फिरते आणि ती गोळी वोंकाच्या मेजावर ठेवते. बक्षीस गेलेले, अपमान झालेला, आजोबांची आज्ञा निराळी, बाहेर पैसे घेऊन माणूस उभा. परत करून त्याला काहीही मिळणार नाही. वोंका पाठमोरा बसलेला. त्याचा हात हळूच त्या गोळीवर येतो आणि मग तो वळतो. स्लगवर्थ म्हणून फिरणारा मनुष्य वोंकाचाच नोकर निघतो. कारखाना चार्लीचा होतो.

इथे मला मुनीमकाका आठवले.

आमच्या आजोबांच्या वेळेपासून ते पेढीवर होते. आजोबांनी शेवटच्या आजारात दोघातिघांच्या देखत त्यांना शब्द दिला होता, की पेढीत तुमचा चार आण्यांचा भाग राहील. लेखी काही नव्हते. आजोबा गेल्यावर घरात बैठक झाली आणि तो भाग काही दिला गेला नाही. पगार मात्र वाढविण्यात आला. मुनीमकाकांनी मान हलविली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी येऊन रोजमेळ उघडला. ती 1982 ची जानेवारी होती, तुरीची आवक जोरात होती. मी एकोणीस वर्षांचा, कोपऱ्यात बसून पट्ट्या लिहीत असे. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक टिपणवही असे. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याची उचल किती, कोणता डाळमिलवाला किती दिवसांनी पैसे देतो, कोणाशी कोणता भाव ठरला, हे सगळे त्यात. पंधरा दिवसांनी एका सकाळी त्यांनी ती वही गादीवर वडिलांपुढे ठेवली आणि म्हणाले, “शेठ, ही आजपासून तिजोरीत असू द्या. माझ्या खिशात नको.” बाजारातल्या एकाने तिच्यासाठी त्यांना मोठी रक्कम देऊ केली होती, हे आम्हांला नंतर दुसऱ्याच माणसाकडून कळले. वडिलांनी वही उचलली आणि तिजोरीत ठेवली. त्यापलीकडे काही झाले नाही. मुनीमकाका आणखी एकोणीस वर्षे आमच्याकडे होते.

वोंकाविषयी माझ्या तक्रारी आहेत. गळलेल्या चार मुलांचे पुढे काय झाले, हे पुस्तक दाखविते. चित्रपटात वोंका नुसते सांगतो की ती बरी होतील, आणि विषय संपतो. हेर सापडले म्हणून कारखाना बंद केला तेव्हा निष्पाप कामगारांचे काय झाले, हा प्रश्नही तसाच राहतो. 2005 च्या चित्रपटात जो आजोबा त्या काढून टाकलेल्यांपैकी एक दाखविले आहेत, ते मला उचित वाटले. नंतर आणलेल्या ऊम्पा-लूम्पा कामगारांना पुस्तकात मजुरी कोकोच्या बियांत मिळते. पहिल्या आवृत्तीत ते आफ्रिकेतून आणलेले लोक होते. त्यावर टीका झाली आणि 1973 मध्ये डाल यांनी ते वर्णन बदलले. चित्रपटाने त्याआधीच त्यांना नारिंगी चेहरा आणि हिरवे केस देऊन त्या वर्णनातून बाहेर काढले होते.

सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळी. मूलच वारस का हवे, याचे वोंका कारण देतो: मोठा माणूस आपल्या पद्धतीने कारभार करील, माझ्या पद्धतीने नाही. इथे तो मला परीकथेतला जादूगार वाटत नाही, आमच्या बाजारातला कोणीही म्हातारा शेठ वाटतो. आमच्या वडिलांनी तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा महिनाभर दोन्हींवर तोल करून पाहिला होता. पण काटा येऊ दिला. जुन्या पद्धतीनेच चालवणारा हवा असेल, तर त्याला वारस म्हणू नये, पहारेकरी म्हणावे.

चार्लीचे काम करणारा पीटर ऑस्ट्रम हा क्लीव्हलँडचा मुलगा होता, बालनाट्यातून निवडलेला. म्युनिकमध्ये कित्येक आठवडे त्याने चित्रीकरण केले. चॉकलेटची ती नदी खऱ्या चॉकलेटची, मलईची आणि पाण्याची होती आणि काही दिवसांनी तिला घाण वास येऊ लागला, ही आठवण चित्रपटातल्या मंडळींनी अनेकदा सांगितली आहे. पुढे त्याला तीन चित्रपटांचा करार देऊ करण्यात आला. तो त्याने घेतला नाही. 1984 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून तो पशुवैद्य झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे गायीम्हशींच्या, म्हणजे तिकडच्या दुभत्या गायींच्या, गोठ्यांत त्याने आयुष्य काढले. आयुष्यात चित्रपट केला तो हा एकच. हे मी मुलांना वाचून दाखविले तेव्हा त्यांना ते फार दुःखद वाटले. मला तसे वाटले नाही. माझा मुलगा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहे, दादांचा पुण्यात सनदी लेखापाल. दोघेही कर्तबगार आहेत, सणाला येतात, आडतीचे भाव कौतुकाने विचारतात आणि परत जातात. कारखाना देऊ केला म्हणून तो घेतलाच पाहिजे, असे कुठे आहे?

त्या रात्री मुले झोपल्यावर मी दादांपुढे विषय काढला. मुनीमकाकांचे चिरंजीव गेली 22 वर्षे आमच्याकडे आहेत. जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, मिलवाल्यांशी बोलणे, हमालांची वाराई, सगळे तेच पाहतात. त्यांना चार आण्यांचे भागीदार करून घ्यावे, असे मी म्हटले. दादांनी चित्रपट अधूनमधूनच पाहिला होता, तरी त्यांनी नेमके बोट ठेवले. ते म्हणाले, “तुमच्या त्या वोंकाला मूल नव्हते. त्याला परीक्षा घेणे सोपे. उद्या आपली पोरे परत आली तर त्यांना काय सांगणार?” या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. काचेची लिफ्ट छत फोडून वर जाते, खाली जर्मनीतल्या नॉर्डलिंगेन या गावाची लाल कौले दिसतात आणि कथा संपते. माझ्याकडेही उत्तर नव्हते, तसे मी त्यांना सांगितले. दोन्ही मुलांना फोन करा, एवढेच ते म्हणाले. फोन केले. माझ्या मुलाने हरकत घेतली नाही. दादांच्या मुलाने हिशेबाचे चार बारीक प्रश्न विचारले, आणि मग त्यानेही होकार दिला.

भागीदारीपत्राचा मसुदा वकिलांकडून आला आहे. सगळ्या अटी एकाच आकाराच्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येतील अशा छापून द्या, असे मी त्यांना मुद्दाम बजावले होते; वकीलसाहेब हसले, पण तसे त्यांनी दिले. दादांनी तो दोनदा वाचला. मुनीमकाकांच्या चिरंजिवांना आम्ही दोघांनी मिळून वाचून दाखविला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, की माझा मुलगा मला पुण्याला बोलावतो आहे, घरी विचारून सांगतो. त्यांनी पंधरा दिवस मागितले आहेत. मसुदा तिजोरीत ठेवला आहे.